बोरदऱ्याच्या कुलपाचा प्रश्न

बोरदरा, ता. शिरूर कासार
१२ जानेवारी २०२५

प्रिय जीवनदादास,
सविनय जय भीम.

पाकीट पाहून मावशी घाबरली असेल. आजकाल टपालानं येतं ते एक तर कोर्टाचं नाही तर विम्याचं. तिला सांग, पौर्णिमा धडधाकट आहे आणि नांदूरघाटला तुमच्या घरी असताना जशी भांडायची तशीच अजून भांडते.

पत्र लिहायचं कारण म्हणजे मोबाइलवर माझा विश्वास उरला नाही. १८ डिसेंबरला सकाळी आमच्या डॉक्टरसाहेबांनी ग्रुपवर टाकलं, ‘सहाही उपकेंद्रांच्या सिस्टर आणि आशांनी नऊ वाजता तालुक्याला शिबिराला हजर राहावे, पाहुणे मोठे आहेत.’ दुसऱ्या दिवशी पाहते तर तिथं ‘हा संदेश डिलीट करण्यात आला’. कागदावर तर काही दिलंच नव्हतं.

त्या १८ तारखेला इथं काय झालं ते ऐक. साखराबाई म्हणून एक धनगराची म्हातारी आहे. तिची सून अंजू, पहिलटकरीण. तिचा नवरा म्हाळू मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला. ऊसतोडीमुळं गाव रिकामं, घरात सासू आणि डोळ्यांनी अधू झालेला सासरा आप्पाराव. सकाळी दहाला साखराबाईनं अंजूला धरून धरून माझ्या उपकेंद्रावर आणलं, तर कुलूप. मी तालुक्याला पाहुण्यांच्या टेबलामागं बसले होते. रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्यानं फोन लावला, पण अॅम्ब्युलन्सही शिबिराच्या मांडवाबाहेर उभी. ती यायला दोन वाजले. तोवर उपकेंद्राच्या ओट्यावरच मुलगी झाली. रक्त थांबलं नाही आणि अंजू वाटेतच गेली.

अहवालात काय लिहिलं माहीत आहे? ‘घरी प्रसूती, नातेवाइकांकडून विलंब.’ म्हाळूच्या हातात तो कागद पडला. साखराबाई आधी म्हणायची की माझी चारही बाळंतपणं घरातच झाली, दवाखाना कशाला. त्यामुळं त्याला कागदच खरा वाटला. तो आईच्या हातचं जेवत नाही. म्हणतो, आषाढात मेंढरं घेऊन परतलो की पोरगी तिच्या आजोळी देऊन टाकीन. म्हातारी शेळीचं दूध चमच्यानं पाजून ती पोर जगवते आहे, आणि तिच्याकडूनच नेणार म्हणतो.

आमच्या आमदारसाहेबांचे पीए विजयसिंह म्हणाले, अधिवेशनात प्रश्न टाकू, तुम्ही नीट लिहून आणा. दादा, तू मंत्रालयात आहेस. प्रश्न कसा लिहितात ते सांग. मला स्वतःसाठी काही नको. त्या दिवशी कुलूप होतं एवढं सरकारनं आपल्या तोंडानं सांगावं, म्हणजे म्हातारीची नात तिच्याजवळ राहील.

तुझी,
पौर्णिमा

*

मुंबई
२० जानेवारी २०२५

चि. पौर्णिमास,
सप्रेम जय भीम.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं, अंजूचा मजकूर गाळून. ती अजून तुला दहावीतलीच समजते आणि तू रोज डबा खातेस का विचारते.

आता कामाचं. तू मला लिहिलंस तसं विधानसभेला लिहिलंस तर तिथला कारकून डोळे पुसेल आणि प्रश्न बाद करेल. प्रश्नात रडायचं नसतं. नाव घालायचं नसतं, नमुना ठरलेला असतो. हा घे:

‘(१) बोरदरा (ता. शिरूर कासार, जि. बीड) येथील आरोग्य उपकेंद्र दि. १८ डिसेंबर, २०२४ रोजी वा त्या सुमारास दिवसभर बंद होते, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, त्यामुळे उपचार न मिळाल्याने एका गरोदर महिलेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय;
(३) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी करून कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

‘वा त्या सुमारास’ पाहून हसू नकोस. तारखेत एका दिवसाची चूक निघाली तर खातं तेवढ्यावर सुटतं, म्हणून ती पाचर मारून ठेवायची. शिबिराचा उल्लेख मी मुद्दाम टाळला आहे. तो घातलास तर प्रश्न पाहुण्यांवर जाईल आणि कुलूप बाजूला राहील.

उत्तर कोण लिहितं असं विचारशील. मंत्री वाचतात, पण लिहितो कुठला तरी कक्ष अधिकारी, खालून आलेल्या कागदांवरून. आमच्या आरोग्य विभागात अशी टेबलं पुष्कळ आहेत, तेव्हा हा प्रश्न कुठं जाईल ते सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र आधी कळव. तुझ्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये १८ तारखेला काय लिहिलेलं आहे?

तुझा,
जीवनदादा

*

बोरदरा
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादास,
जय भीम.

तुझा नमुना अक्षरशः उतरवून विजयसिंहांना नेऊन दिला. त्यांनी वाचला आणि माझ्याकडं वरून खाली पाहिलं. ‘सिस्टर, हे तुमी लिवलं? आमच्याकडं एलेल्बी झालेली पोरं हायेत, त्यांना असं जमत न्हाई.’ मी म्हटलं, आमच्या घरात सगळेच हुशार. तुझं नाव काढलं नाही. प्रश्न देण्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती म्हणे, थोडक्यात वाचलो.

म्हाळू परवा मेंढरांकडं परत गेला. निघताना साखराबाईनं भाकरी बांधून दिली, ती त्यानं दाराच्या चौकटीवर ठेवली आणि चालू लागला. ती भाकरी म्हातारीनं दिवसभर कुणाला खाऊ दिली नाही. मी पोरीला डोस पाजायला गेले होते, तेव्हा मला म्हणाली, ‘सरकारात इचारलंय नव्हं तुमी? सरकार सांगंल त्येला. माझं न्हाई ऐकत, सरकारचं ऐकंल.’

पोरीचं वजन चांगलं वाढतंय. अजून बारसं नाही. बाप म्हणाला, नाव आजोळी ठेवतील.

माझं कंत्राट गेल्या महिन्यात पुढं चालू झालं, ते मावशीला सांग. तिला बरं वाटेल.

तुझी,
पौर्णिमा

*

मुंबई
२४ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमास,
जय भीम.

प्रश्न स्वीकृत झाला, तारांकित म्हणून, म्हणजे पाळी आली तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागेल. आता तो खाली उतरेल. मुंबईहून पुण्याला, पुण्याहून बीडला, बीडहून तालुक्याला आणि तिथून तुमच्या डॉक्टरांकडं. प्रत्येक पायरीवर त्याच्यावर ‘अधिवेशन, तात्काळ’ असा शिक्का बसेल आणि प्रत्येकजण खालच्याला सांगेल की संध्याकाळपर्यंत माहिती दे.

तू गप्प राहा. विचारलं तरच बोल, आणि खरं तेवढंच बोल. मला फोन करू नकोस.

रजिस्टरबद्दल मी विचारलं होतं. तू पोरीचं वजन कळवलंस, भाकरीचं कळवलंस, तेवढं एक राहिलं.

जीवनदादा

*

बोरदरा
३ मार्च २०२५

प्रिय दादास,
जय भीम.

तू म्हणालास तस्संच झालं. शनिवारी डॉक्टरसाहेबांनी बोलावून घेतलं. टेबलावर आपलाच प्रश्न पडलेला! ‘वा त्या सुमारास’सकट. पाहून मला उगाच हसू फुटलं आणि ते चिडले. ‘हसताय काय? हे कुणी पेटवलंय ते मला म्हाईत हाय.’ पण त्यांना काही माहीत नव्हतं, ते गावच्या जुन्या सरपंचावर संशय घेत होते.

त्यांनी माहिती मागितली. मागितली ती मी दिली. रजिस्टरची झेरॉक्स काढून त्यांनी शिक्का मारला आणि लगेच मेल केली. मी काही बोलले नाही. तूच गप्प राहा म्हणाला होतास.

आता वर तुझ्यासारखं कुणी तरी डोकं असलेलं माणूस बसलेलं असू दे. अॅम्ब्युलन्स कुठून निघाली एवढं तिच्या लॉगबुकात पाहिलं तरी सगळं उघडं पडेल. मी रोज देवाला नाही तर बाबासाहेबांच्या फोटोला तरी एवढंच सांगते.

तुझी,
पौर्णिमा

*

बोरदरा
२३ मार्च २०२५

दादा,

उत्तर आलं. विजयसिंहांनी मोबाइलवर पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘सिस्टर, तुमी तर आमालाच तोंडघशी पाडलं.’ तुला ठाऊक असेलच, तरी लिहिते. हे मला एकटीला पोटात ठेवता येत नाही.

‘(१) व (२) हे खरे नाही. सदर दिवशी आरोग्य सेविका उपकेंद्रात उपस्थित असल्याचे अभिलेखावरून दिसून येते. (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

प्रश्न उद्भवत नाही! चार तास बाई ओट्यावर पडलेली आणि यांना प्रश्न उद्भवत नाही. सभागृहात आपल्या प्रश्नाची पाळीच आली नाही म्हणे, आला नि छापून पडला. कुणी उठून उपप्रश्न विचारला नाही.

आणि हे कुणाकडं गेलं असेल सांग. म्हाळूकडं. गावच्या ग्रुपवरून त्याच्या मोबाइलवर पोचलं, कुणाकडून तरी त्यानं वाचून घेतलं आणि मला फोन केला. आईला नाही, मला. ‘सिस्टर, सरकार कावून खोटं बोलंल? म्हंजे दवाखाना उघडा व्हता. म्हंजे म्हातारीनं तिला तितं नेलंच न्हाई.’ मी काही तरी बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला.

आधी निदान एक अहवाल होता, तालुक्याचा. आता विधानसभेनं म्हातारीला खोटं ठरवलं. हे सगळं माझ्यामुळं झालं. मी प्रश्न टाकला नसता तर बरं झालं असतं.

दादा, तू शोधून काढ. तुझ्या विभागातल्या कुठल्या हलकटानं हे लिहिलं? त्यानं लॉगबुक का मागवलं नाही? दूधवाल्याला का विचारलं नाही? त्याचं नाव मला कळव. मी त्याला पत्र लिहिणार आहे आणि त्यात रडणारसुद्धा आहे.

पौर्णिमा

*

मुंबई
३० मार्च २०२५

चि. पौर्णिमास,

तो हलकट मी आहे.

पहिल्या पत्रापासून मला माहीत होतं की प्रश्न माझ्याच टेबलावर येणार. बीड जिल्हा माझ्याकडंच आहे. तुला सांगितलं असतं तर तू लाडानं ‘दादा, बघ हं’ म्हणाली असतीस, आणि मला वाटलं आपण नियमानं चालू. नियमानं चाललोही असतो. पण ४ तारखेला मेल उघडली आणि वर तुझी सही होती.

डिसेंबर महिन्याचं रजिस्टर. १८ तारखेसमोर ‘उपकेंद्रात हजर, गृहभेटी चार’. एकतीसच्या एकतीस ओळी एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेल्या. नांदूरघाटला तुझ्या वह्यांना कव्हर मी घालायचो, तुझं अक्षर मला दुरून कळतं. आणि खाली तारीख ३१ डिसेंबर. अंजू जाऊन तेरा दिवस झाले होते.

मी लॉगबुक मागवू शकलो असतो. मागवलं असतं तर कुलूप सिद्ध झालं असतं आणि त्याच कागदानं हेही सिद्ध झालं असतं की आरोग्य सेविकेनं खोटी नोंद केली. डॉक्टरांचं काही झालं नसतं, कारण त्यांचा आदेश डिलीट झाला आहे. तू कंत्राटी. तुला एका ओळीच्या पत्रानं घरी बसवलं असतं. मी लॉगबुक मागवलं नाही. ‘अभिलेखावरून दिसून येते’ असं लिहिलं. साहेबांनी सही केली, मंत्र्यांनी केली. त्यांनी विश्वास ठेवला तो माझ्यावर, मी तुझ्या कागदावर.

आता मलाही रागावू दे. दोन पत्रांत मी रजिस्टरचं विचारलं. तू गोड बोलून टाळलंस. जे तुला स्वतःच्या तोंडानं सांगता येत नव्हतं ते तुला सरकारच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, आणि तेही तुझ्या सहीला धक्का न लागता. असं होत नाही गं. सरकारला तोंड नसतं, खालून आलेला कागद असतो.

हे इथंच सोड. प्रश्न मिटला आहे. काही महिन्यांनी म्हाळू शांत होईल. आईनं मला एकच सांगितलं आहे, पौर्णिमाची नोकरी सांभाळ. तेवढं मी केलं आहे. चांगलं केलं असं मी म्हणत नाही.

जीवन

*

बोरदरा
१५ एप्रिल २०२५

प्रिय दादास,
सविनय जय भीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुला तोडून टाकावंसं वाटलं. चार दिवसांनी स्वतःला. काल जयंतीची मिरवणूक झाली. सगळे निळे फेटे बांधून नाचत होते आणि मला ‘सिस्टर, चला की’ म्हणत होते. मला दारातून पुढं पाऊल टाकवलं नाही. म्हणून आज सगळं लिहिते.

सही माझीच. इथं आम्ही सगळ्याच जणी महिन्याचं रजिस्टर शेवटच्या दिवशी बसून भरतो, चहा पीत, एकमेकींचं पाहून. रोज कोण भरणार, रोज तर काम असतं. ३१ तारखेला १८ ची ओळ आली. मी डॉक्टरसाहेबांना विचारलं, शिबिर लिहू का? ते म्हणाले, ‘आदेश कुठाय? कोरं ठिवू नका, हजर लिवा. कंत्राटाची फाइल माझ्याकडंच हाय.’ मी हजर लिहिलं. चार गृहभेटी मी मनानं घातल्या, ते कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक आहे, ते तुलाही माहीत नाही. अंजूच्या दहाव्याला म्हाळूनं मला सरळ विचारलं होतं, ‘सिस्टर, त्या दिशी तुमी कुटं व्हता?’ मी म्हणाले, ‘कामावर होते.’ त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यानं त्याचा अर्थ उपकेंद्रात होते असा घेतला, आणि तो तसा घेतोय हे मला दिसत होतं. मी घेऊ दिला. म्हातारीचं घर तिथून फुटलं. अहवालानं नंतर.

गेल्या आठवड्यात मी साखराबाईकडं गेले आणि तिला हे सांगितलं. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं शिव्या देईल, देती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘मला ठावं हाय. कुलूप म्या बघितलंय, हातानं वडून बघितलंय. तुमी पोटासाठी गप हाय, हे बी ठावं हाय. म्हणून म्या तुमचं नाव कुणाम्होरं काढलं न्हाई.’ मग म्हणाली, ‘पर आता पोरगी न्यायला यील त्यो. फोन लावा त्येला. हितंच. माझ्याम्होरं.’

मी लावला. सगळं सांगितलं, शिबिर, सही, दहाव्याचं बोलणं. पलीकडं नुसती मेंढरं ऐकू येत होती. शेवटी म्हणाला, ‘तवा येक सांगितलं, आता येक सांगताय. म्हातारीनं रडून तुमाला बोलाया लावलं आसंल. तोंडी लई झालं सिस्टर. कागद दावा.’

त्याचं काय चुकलं? कागदानंच त्याला फसवलं, कागदानंच त्याचं समाधान होणार.

म्हणून मी जबाब लिहिला आहे. १८ ला मी उपकेंद्रात नव्हते, उपकेंद्राला कुलूप होतं, नोंद खोटी आहे आणि ती मी केली. सोबत दूधवाल्याची सही. एक प्रत बीडला, एक आमदारसाहेबांकडं, आणि एक तुझ्या विभागाला रजिस्टर पोस्टानं. तुझ्या घरी नाही. आवक क्रमांक पडून ती तुझ्या टेबलावर येईल. तिच्यावर काय लिहायचं ते तू ठरव, मी काही सांगणार नाही. फक्त मला सांभाळू नकोस.

मावशीला मीच सांगेन. तू गाळून वाचतोस.

तुझी,
पौर्णिमा

*

मुंबई
१२ जुलै २०२५

प्रिय पौर्णिमास,
सप्रेम जय भीम.

तीन महिने तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं हातात काही नव्हतं.

तुझा जबाब २२ एप्रिलला टेबलावर आला. माझ्यासमोर दोन वाटा होत्या. ‘दप्तरी दाखल’ असं लिहून कपाटात टाकायचा, अधिवेशन संपलेलं, कुणी विचारलं नसतं. नाही तर टिपणी लिहायची. मी दोन दिवस त्याच्यावर दुसऱ्या फायली ठेवल्या. तिसऱ्या दिवशी टिपणी लिहिली. त्यात हेही लिहिलं की मूळ उत्तर माझं, आरोग्य सेविका माझी मावसबहीण आणि नोंदीबद्दल शंका असूनही मी लॉगबुक मागवलं नाही. साहेबांनी वाचून चष्मा काढला. ‘एवढं खरं लिहायची गरज होती का हो?’ म्हणाले. मग लॉगबुक मागवलं गेलं. अॅम्ब्युलन्स शिबिराच्या जागेवरून एक वाजून दहा मिनिटांनी निघाल्याची नोंद आहे.

परवा उत्तरात दुरुस्ती म्हणून हे सभागृहाच्या पटलावर ठेवलं गेलं. छापील प्रत सोबत आहे:

‘(१) होय, हे खरे आहे. (२) हे अंशतः खरे आहे. सदर महिलेस नातेवाइकांनी वेळेत उपकेंद्रात आणले होते, तथापि उपकेंद्र बंद असल्याने उपचार मिळू शकले नाहीत. (३) खोटी नोंद करणाऱ्या संबंधित कंत्राटी आरोग्य सेविकेची सेवा समाप्त करण्यात आली आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.’

‘नातेवाइकांनी वेळेत आणले होते’ हे वाक्य माझं आहे. प्रश्नात ते विचारलेलं नव्हतं, मी घुसवलं. साहेबांनी त्यावर रेघ मारली नाही. शिबिराचा मात्र एक शब्द टिकला नाही. मी तीनदा घातला, तीनदा वरून काढला गेला. तुला तिकडं कुणी बोलावलं होतं, ते कुठल्याच कागदावर नाही.

माझी बदली झाली आहे, आवक-जावक शाखेत. दिवसभर लखोट्यांवर क्रमांक टाकतो. कारणे दाखवा नोटीसही आहे, तिचं उत्तर अजून लिहायचं आहे. आईला तुझं पत्र या वेळी अख्खं वाचून दाखवलं. ती तुझ्यावर रागावली नाही. माझ्यावर रागावली. म्हणाली, ‘नोकरी सांभाळ म्हणलं होतं, पोरीला खोटं पाड म्हणलं नव्हतं.’

म्हाळू परतला का ते लिही.

तुझा,
जीवनदादा

*

बोरदरा
२४ जुलै २०२५

प्रिय दादास,
सविनय जय भीम.

म्हाळू गेल्या सोमवारी आला. मेंढरं वाड्यात घालून तसाच माझ्या दारात. अंगावर प्रवासाचा चिखल. मी छापील प्रत काढली, तर म्हणाला, इथं नको, तिथं वाचा. म्हणून उपकेंद्राच्या ओट्यावर जाऊन बसलो. साखराबाई आणि आप्पारावही आले, पोरगी म्हातारीच्या कडेवर. ती आता बसायला लागली आहे, सगळीकडं टकामका पाहते.

मी वाचलं. त्यानं परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ‘वेळेत आणले होते’ इथं मला थांबवलं. मग मला म्हणाला, ‘शिबिराचं कावून न्हाई लिवलं?’ बघ, तुझ्या साहेबांना वाटतं लोकांना कळत नाही. मी म्हटलं, ते लिहू दिलं नाही. साखराबाईनं विचारलं, ‘अंजूचं नाव हाय का त्यात?’ मी सांगितलं की नाव घालत नाहीत, ‘एक महिला’ लिहितात. ती म्हणाली, ‘येक म्हंजे कोन? बाया तर लई मरत्यात.’

त्या दिवशी म्हाळू आईच्या हातचं जेवला. माफी वगैरे काही मागितली नाही, खाली मान घालून जेवला. म्हातारी त्याच्याकडं न पाहता वाढत होती. आजोळी नेण्याचं पुन्हा काढलं नाही. मंगळवारी बारसं केलं, वैष्णवी नाव ठेवलं. मला बोलावलं होतं. मी गेले, पण पाळण्याला हात लावायचं धाडस झालं नाही. म्हाळू अजून माझ्याशी सरळ बोलत नाही, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही.

मी बरी आहे. माझी लेक चैताली नववीत गेली, तिच्या शाळेचं कसं तरी जमवीन. शिरूरला एका खासगी दवाखान्यात विचारून आले आहे. तू त्या ‘कारणे दाखवा’चं उत्तर भिऊन लिहू नकोस, जे झालं तेच लिही.

पण दादा, एक राहिलं. २ मे पासून मी घरी, आणि त्या दिवसापासून उपकेंद्राला कुलूप आहे. किल्ली डॉक्टरसाहेबांच्या खिशात. माझ्या जागी कुणी आलेलं नाही, जाहिरातसुद्धा निघाली नाही. ज्या ओट्यावर बसून मी ‘होय, हे खरे आहे’ वाचलं, तिथं माझ्या पाठीमागं तेच कुलूप लटकत होतं. खरं बोलून मी ते उघडलं नाही, कायमचं लावलं.

काल उज्ज्वला आली होती, ऊसतोडीवाल्यांची सून. आठवा महिना. पाय सुजलेले आणि डोकं दुखतं म्हणते. ‘ताई, नुस्तं हात लावून बघा की.’ माझ्याकडं आता रक्तदाब मोजायचं यंत्रही नाही, ते जमा करून घेतलं. मी तिला म्हाळूच्या मोटारसायकलवर तालुक्याला पाठवलं. त्यानं नेलं, काही न विचारता. पण दर वेळी म्हाळू गावात असणार नाही. आणि तिचे दिवस ऑगस्टच्या शेवटी भरतात.

म्हणून मी प्रश्न लिहून विजयसिंहांना दिला. तुझ्याच नमुन्यावर. ‘बोरदरा येथील आरोग्य उपकेंद्र दि. २ मे, २०२५ पासून बंद आहे, हे खरे आहे काय. असल्यास, तेथे आरोग्य सेविका केव्हा नेमण्यात येणार आहे.’ या वेळी ‘वा त्या सुमारास’ घातलं नाही. ते म्हणाले, पावसाळी अधिवेशन तर आत्ताच संपलं, आता डिसेंबरला नागपुरात. तोवर उज्ज्वलाचं बाळ चार महिन्यांचं झालेलं असेल. नीट झालं तर.

तो प्रश्न तुझ्या आवक-जावकमधूनच जाईल, तूच त्याच्यावर क्रमांक टाकशील. तुझ्या जुन्या टेबलावर जे कोणी बसत असतील त्यांना जाऊन भेट. त्यांना सांग, रजिस्टर जरूर मागवा. मे महिन्यापासून त्यात एकही सही नाही.

तुझी,
पौर्णिमा